माउंटन गोटसाठी .३०८ पुरते, बदलायची ती गोळी

विचारणाऱ्यांची परिस्थिती थोडक्यात अशी. ते कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या वायव्य भागात राहतात, तिथलेच रहिवासी आहेत आणि यंदा सोडतीत त्यांना माउंटन गोटचा, म्हणजे कड्याकपारींत राहणाऱ्या पांढऱ्या, शेळीसारख्या रानप्राण्याचा, एलईएच (मर्यादित शिकारीचा) परवाना लागला आहे. जवळ .३०८ विंचेस्टरची (आकडा साधारण गोळीच्या जाडीचा, इंचांत) बोल्ट अ‍ॅक्शन रायफल आहे आणि तिच्यावर त्यांनी हरणं मारली आहेत. दुकानात कुणीतरी सांगितलं, "गोट म्हणजे चिलखत घातलेलं जनावर, .३०० विंचेस्टर मॅग्नमच्या खाली जाऊच नका." मॅग्नम म्हणजे जास्त दारूचं, जास्त वेगाचं काडतूस. आता प्रश्न असा, की नवी रायफल घ्यायची का, आणि गोळी कोणती?

नवी रायफल घेऊ नका. त्या पैशांत चांगले बूट, कोनही मोजणारा रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) आणि सरावासाठी चार-पाच डबे काडतुसं घ्या. गोळी मात्र नक्की बदला. हरणासाठी वापरता ती साधी, टोकाला उघडं शिसं असलेली सॉफ्ट पॉइंट गोळी या कामाला मी नेणार नाही.

आधी चिलखताची गोष्ट निकालात काढू. प्रौढ बोकड साधारण ९० ते १३५ किलोचा असतो. म्हणजे एल्क किंवा मूस या थोराड हरणांच्या मानाने लहानच. कातडी जाड आहे, थंडीकडे केस दाट होतात, आणि पुढचा भाग भारी असतो, कारण अंग वर ओढायचं सगळं काम खांदे करतात. पण हाडं काही पोलादाची नसतात. 'गोट मरत नाही' ही ख्याती दुसऱ्याच कारणाने आली आहे. गोळी लागली तरी हा प्राणी दाखवत नाही. दोन्ही फुप्फुसांतून गोळी आरपार गेलेला बोकड काही सेकंद जागच्या जागी उभा राहतो, मग शांतपणे चार पावलं टाकतो. ती चार पावलं बहुतेक वेळा कड्याच्या दिशेने असतात, कारण आयुष्यभर प्रत्येक संकटात त्याचा आसरा कडाच असतो.

हरीण पन्नास यार्ड पळून झाडीत पडलं तर माग काढून सापडतं. बोकड पाच यार्ड चालला आणि कड्यावरून गेला, की शिंगं तुटतात, मांसाचा लगदा होतो, आणि कित्येकदा तो अशा ठिकाणी अडकतो जिथे दोराशिवाय पोचता येत नाही. तो मरतो, पण तुमच्या हाती काही लागत नाही. म्हणून या शिकारीत काडतूस निवडताना एकच गोष्ट विचारायची: लागल्यावर तो त्याच जागी बसेल का? 'मारेल का' हा प्रश्न इथे गौण आहे. मारायला .२४३ सुद्धा पुरते.

जागीच बसवायचा तर दोन्ही खांदे किंवा खांद्यांच्या वरचा कणा निकामी व्हायला हवा. त्यासाठी गोळीने पहिलं हाड फोडून, छातीतून जाऊन, दुसऱ्या बाजूचं हाड गाठलं पाहिजे. इथे गोळीची बांधणी फार महत्त्वाची ठरते, बोरचा आकडा तेवढा नाही.

साध्या गोळीत पातळ तांब्याच्या कवचात शिसं ओतलेलं असतं. बरगडीवर ती उत्तम फुलते. खांद्याच्या हाडावर, त्यातही जवळून आणि मोठ्या वेगात आदळली, की कवच एकीकडे आणि शिसं दुसरीकडे होतं. गंमत म्हणजे वेग वाढवला की हा दोष वाढतो, म्हणजे मॅग्नममध्ये साधी गोळी घालणं हे दुखण्यापेक्षा औषध वाईट. याचा दाखला याच प्रांतातला आहे. १९४६ साली जॉन नॉस्लर (पुढे नॉस्लर ही गोळ्यांची कंपनी काढणारे) ब्रिटिश कोलंबियात मूसच्या शिकारीला आले होते. हातात .३०० एच अँड एच मॅग्नम होती, आणि तिच्या वेगवान गोळ्या चिखलाने माखलेल्या मूसच्या खांद्यावर वरच्यावर फुटून गेल्या. त्यावरून त्यांनी मधोमध तांब्याची भिंत असलेली पार्टिशन गोळी घडवली. तिचा पुढचा अर्धा भाग फुलतो, मागचा अर्धा शाबूत राहून आत घुसत जातो. १९४८ पासून ती बाजारात आहे आणि आजही गोटसाठी मी ती डोळे झाकून सुचवतो. त्या मूसवर मॅग्नम कमी पडली नव्हती, गोळी कमी पडली होती.

आज तीन प्रकार विचारात घेण्यासारखे आहेत. एक म्हणजे ही पार्टिशन. दुसरा प्रकार बाँडेड गोळ्यांचा, ज्यात शिसं कवचाला जोडलेलं असतं: नॉस्लर अ‍ॅक्युबाँड, स्विफ्ट सिरोको, फेडरल टर्मिनल असेंट वगैरे. तिसरा प्रकार अखंड तांब्याचा: बार्न्स टीटीएसएक्स, हॉर्नडी सीएक्स, नॉस्लर ई-टिप. तांब्याची गोळी वजन जवळजवळ गमावत नाही, त्यामुळे थोड्या कमी वजनाचीही चालते आणि हाडाला दबत नाही. माझी स्वतःची पसंती तांब्याला आहे. एक कारण आरपार जाण्याचं, दुसरं घरातलं: मांस घरी लहान मुलं खाणार असतील तर त्यात शिशाचे बारीक कण नकोत. आतडी-कोथळा डोंगरावर राहतो, तो गरुड आणि डोमकावळे खातात, त्यांच्याही पोटात शिसं जात नाही.

तांब्याची एक अट आहे. ती फुलायला वेग लागतो. उत्पादकांचे आकडे थोडे वेगवेगळे असतात आणि लांब पल्ल्यासाठी बनवलेल्या काही तांब्याच्या गोळ्या कमी वेगातही फुलतात, पण मी सेकंदाला २,००० फूट ही खालची मर्यादा धरतो. त्याखाली ती पेन्सिलीसारखं भोक पाडून जाण्याची भीती असते. बाँडेड गोळी याहून कमी वेगात, साधारण १,८०० पर्यंत, काम करते.

लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी बनलेल्या पातळ कवचाच्या गोळ्या, बर्जर किंवा हॉर्नडी ईएलडी-एक्स, यांच्यावर हल्ली बरंच प्रेम दिसतं. फुप्फुसांत त्या भयंकर जखम करतात हे खरं आहे. पण खांदा फोडून पलीकडचं हाड गाठतील याची खात्री मला वाटत नाही, आणि या शिकारीत मला नेमकी तीच खात्री हवी असते. ज्यांचा अनुभव वेगळा आहे त्यांच्याशी वाद घालणार नाही.

आता तुमच्या .३०८ चं गणित. १५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) टीटीएसएक्स नळीतून सेकंदाला साधारण २,८०० फुटांनी निघते. ३०० यार्डांवर तिचा वेग २,१०० ते २,२०० च्या दरम्यान असतो आणि ४०० वर २,००० च्या आसपास येतो. नळी आखूड असेल तर प्रत्येक आकड्यातून थोडं वजा करा. म्हणजे ३५० यार्डांपर्यंत ही जोडी निर्धास्त आहे. १६५ ग्रेनची अ‍ॅक्युबाँड घेतलीत तर ४०० पर्यंत. .३०० विंचेस्टर मॅग्नम १८० ग्रेनची बाँडेड गोळी ५०० यार्डांवरही २,००० च्या वर नेते, हे मान्य. पण जास्तीचे ते शंभर-दीडशे यार्ड तुम्हाला हवे आहेत का?

माझ्या मते नाहीत. गोट धोका खालून येणार असं धरून चालतो, त्यामुळे त्याची नजर उताराकडे असते. वळसा घालून, धार ओलांडून वरून आलात आणि वारा तुमच्या बाजूने असेल, तर २०० यार्डांच्या आत पोचणं अगदी शक्य असतं. वरून गेलात की बोकड कशावर उभा आहे आणि पडला तर कुठे जाईल हेही दिसतं. ५०० यार्डांवरून, समोरच्या डोंगरावरून, हे कळत नाही. शिवाय गोळी लागल्यावर मधली घळ उतरून पुन्हा चढायला तीन-चार तास गेले, की अंधार पडतो.

बाकी काडतुसांबद्दल थोडक्यात. .२७० विंचेस्टर १९२५ पासून डोंगरी शिकारीत वापरात आहे. १३० ग्रेनची तांब्याची किंवा १५० ग्रेनची पार्टिशन घातली तर तिला काही कमी नाही. .२८० रेमिंग्टन, सात एमएम-०८, .३०-०६ सगळ्या चालतात. सात एमएम रेमिंग्टन मॅग्नम सपाट जाते आणि .३०० पेक्षा खांद्याला सुसह्य आहे. मॅग्नम घ्यायचीच असेल तर मी ही घेईन. २००७ ची ६.५ क्रीडमूर नव्या मंडळींकडे फार असते. तिला 'हरणाची रायफल' म्हणून हसणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की १४० ग्रेनच्या ६.५ गोळीची सेक्शनल डेन्सिटी (जाडीच्या मानाने वजन) .२८७ आहे आणि १८० ग्रेनच्या .३० बोर गोळीची .२७१. बारीक, लांब गोळी घुसण्यात मागे पडत नाही. फक्त ती तांब्याची किंवा बाँडेड हवी. .२४३ मी टाळेन, कारण चुकीला जागाच उरत नाही.

जुन्या काळी या भागात काय चालायचं? मुख्यतः .३०३. युद्धातून उरलेल्या ली-एनफील्ड रायफली कॅनडात स्वस्तात मिळत. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर पाहिलेली थ्री-नॉट-थ्री ती हीच. उत्तरेकडच्या कॅनेडियन रेंजर्सकडे (कॅनडाच्या सैन्याचे दुर्गम भागांतले राखीव जवान) ती अगदी अलीकडेपर्यंत होती, आणि तिची जागा ज्या सी-१९ रायफलीने घेतली ती तुमच्याच .३०८ ची आहे. १८० ग्रेनची जेमतेम २,४५० फुटांची ती गोळी घेऊन लोक गोट मारत आले, कारण ते जवळ जात.

धक्क्याबद्दल कुणी बोलत नाही, आणि मॅग्नमला माझा खरा आक्षेप तिथेच आहे. डोंगरात रायफल हलकी हवी, दुर्बिणीसकट साडेसहा-सात पौंडांची. इतक्या हलक्या रायफलीत .३०० मॅग्नमचा धक्का .३०८ च्या दीडपटीहून जास्त बसतो. लोक सरावाला कंटाळतात, चाप ओढताना डोळे मिटतात, आणि ही सवय मोडायला वर्षं लागतात. नळीच्या तोंडावर मझल ब्रेक लावला की धक्का कमी होतो, पण आवाज वाढतो; शेजारी आडव्या पडलेल्या सोबत्याच्या कानांचं काय? शिवाय पहिल्या गोळीनंतर बोकड दुर्बिणीतून डोळ्यांआड झाला तर दुसरी कुठे मारणार? गोटच्या शिकारीत दुसरी गोळी जवळजवळ नियमच आहे. तो पायांवर उभा आहे तोवर बोल्ट ओढून पुन्हा मारायचं. 'लागली आहे, आता पडेल' म्हणून बघत बसायचं नाही.

नेम कुठे धरायचा हे गोटच्या बाबतीत फसवं असतं. ऑक्टोबरात खांद्यावरचे आणि पाठीवरचे केस वीतभर वाढलेले असतात, छातीखालीही झालर लोंबते. जी आकृती दिसते तिच्यात वरचा बराच भाग नुसता केसांचा असतो. दिसणाऱ्या उंचीच्या मधोमध धरलं तर गोळी वाटते त्यापेक्षा वर जाते. आडवा उभा असेल तर पुढच्या पायाच्या रेषेवर, दिसणाऱ्या मध्याच्या किंचित खाली धरा. दोन्ही खांदे मोडतात आणि मध्ये फुप्फुसांचा वरचा भाग आणि मोठ्या नसा येतात. खांद्याचं थोडं मांस वाया जातं, जाऊ दे. तुम्ही बरेच वर असाल तर प्रवेशाची जागा विसरा आणि गोळी कुठून बाहेर पडेल ते मनात धरा. तीव्र उतारावरून खाली मारताना गोळी पाठीजवळून शिरून पलीकडच्या खांद्याच्या खालून निघायला हवी. नेहमीच्या जागेवर धरलंत तर एकच फुप्फुस मिळतं.

कोनाचा दुसरा परिणाम पल्ल्यावर होतो. रेंजफाइंडर ४०० यार्ड दाखवतो, कोन ३० अंशांचा आहे, तर गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबाने अंतर ३४६ यार्डच आहे. ३०० यार्ड आणि ४० अंश असतील तर २३०. वर मारा किंवा खाली मारा, सरळ अंतर धरलंत तर गोळी वरच जाते. पहिल्या उदाहरणात तुमच्या .३०८ ला नऊ-दहा इंचांचा फरक पडतो, म्हणजे बोकडाच्या पाठीवरून गोळी जाईल. म्हणूनच वर कोन मोजणारा रेंजफाइंडर लिहिला. रायफल २०० यार्डांवर शून्य करा, म्हणजे तिथे गोळी बरोबर नेमाच्या जागी लागेल अशी दुर्बीण लावून घ्या. ३०० ला गोळी सात-आठ इंच खाली जाईल, ४०० ला दोन फुटांच्या जवळपास. वाऱ्याला कोणताच तक्ता पुरत नाही. तासाला दहा मैलांचा आडवा वारा ४०० यार्डांवर तुमची गोळी फूटभर सरकवतो, आणि डोंगरात तुमच्यापाशी एक वारा असतो, मधल्या घळीत दुसरा. जवळ जा म्हणण्याचं हेही एक कारण.

जनावर बघून घेण्याबद्दल. बोकड आणि शेळी दोघांनाही शिंगं असतात. बोकडाची बुंध्याला जाड असतात, मध्ये फट कमी असते आणि वाक हळूहळू येतो. शेळीची बारीक, बुंध्याशी अंतर ठेवून, आणि टोकाजवळ एकदम मागे वळलेली. लघवी करताना शेळी मागे बसते, बोकड अंग ताणतो. ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून माजावर आलेल्या बोकडाचं पोट आणि मागचे पाय मातीने मळलेले दिसतात. नियम वाचाच; करडू सोबत असलेल्या शेळीवर किंवा करडं असलेल्या कळपातल्या शेळीवर चाप ओढायचा नसतो. पण एकटी शेळी कायद्यात बसत असली तरी सोडा. ती पहिल्यांदा वितेपर्यंत चार-पाच वर्षांची होते, त्यामुळे थोड्या शेळ्या गेल्या तरी कळप वर्षानुवर्षं भरून येत नाही. या चिकित्सेसाठी स्पॉटिंग स्कोप (लांबचं बघायची वेगळी, मोठी दुर्बीण) लागतो. रायफलीच्या दुर्बिणीतून जनावर ओळखायला जाऊ नका.

आणि मग वाट बघायची. बोकड चांगला आहे, पल्ला चांगला आहे, पण तो कड्याच्या ओठावर बसला आहे. अशा वेळी काडतूस कितीही मोठं असो, मारू नये. बसलेलं जनावर उठतं, चरायला सपाटीवर किंवा रुंद पट्ट्यावर येतं. त्याला दोन तास लागले तर लागले. जिथे तो उभा आहे तिथून घरंगळला तर कुठे थांबेल, आणि तिथपर्यंत तुम्हाला दोराशिवाय जाता येईल का, या दोन्हींची उत्तरं मिळाली की मगच चाप. सह्याद्रीतल्या घसाऱ्यावर वावरलेल्या माणसाला उतरणीचा अंदाज असतो, पण इथला कातळ शेवाळलेला आणि ओला असतो, आणि परतीला पाठीवर चाळीस किलो असतात. मांस आणणं कायद्याने बंधनकारक आहे, शिंगं तपासणीला द्यावी लागतात. म्हाताऱ्या बोकडाचं मटण चिवट असतं, पण कुकरच्या आठ-दहा शिट्ट्यांपुढे आणि कांदा-खोबऱ्याच्या वाटणापुढे त्याचं फारसं चालत नाही.

अस्वलासाठी मोठी रायफल हवी, असंही तुम्हाला कुणीतरी सांगणार. ग्रिझली त्या भागात आहेतच. पण अंगावर येणाऱ्या अस्वलासमोर .३०८ आणि .३०० यांतल्या फरकाला वेळ नसतो. कमरेला बेअर स्प्रे (अस्वलावर मारायचा मिरचीचा फवारा) ठेवा, दोघंजण जा, एकाने सोलताना दुसऱ्याने आजूबाजूला बघत राहावं, आणि मांस त्याच दिवशी कोथळ्यापासून दूर, उघड्यावर नजरेत राहील असं हलवा.

रायफलीच्या तयारीबद्दल शेवटचं. किनाऱ्याकडच्या डोंगरांत पाऊस गृहीत धरा. नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिकल टेपचा तुकडा चिकटवा. त्यातून मारलं तरी नेमात फरक पडत नाही आणि नळीत पाणी, बर्फ, चिखल जात नाही. दुर्बिणीला झाकणं हवीत. चढताना चेंबर रिकामं ठेवा, घसरल्यावर सेफ्टीच्या भरवशावर राहू नये. १५० ग्रेन टीटीएसएक्स आणि १६५ ग्रेन अ‍ॅक्युबाँड यांचा एकेक डबा आणून दोन्ही मारून बघा, तुमची नळी जिला जास्त मानेल तिचे त्याच लॉट नंबरचे आणखी डबे लगेच घ्या. सप्टेंबरात छोट्या गावांतली दुकानं रिकामी झालेली असतात. आणि सराव बाकावरून करू नका. आठ इंचांची पत्र्याची थाळी लावा, पाठीवरची सॅक जमिनीवर टाकून तिच्यावर रायफल टेका, थोडं पळून या, धाप लागलेली असतानाच मारा. ज्या अंतरावर पाचपैकी पाच लागतात तो तुमचा पल्ला. तो २५० यार्ड निघाला, तर डोंगरावरही २५० च.